बांधकामाच्या आर्थिक परिणाम विश्लेषणात चलनवाढ आणि ‘डॉलर वर्ष’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या बांधकाम प्रकल्पांचे रोजगार, उत्पन्न आणि उत्पादनावरचे परिणाम इम्प्लॅन, आरआयएमएस-टू किंवा तशाच आदान-प्रदान मॉडेलवर (एका उद्योगातला खर्च इतर उद्योगांत कसा फिरतो ते मोजणाऱ्या मॉडेलवर) काढणाऱ्यांसाठी हे पान आहे. मॉडेल चालवायचं कसं हे इथे नाही. मॉडेलमध्ये जाणारी आणि त्यातून बाहेर येणारी रक्कम कोणत्या वर्षाची, एवढाच विषय आहे.

डॉलर वर्ष, डेटा वर्ष, खर्चाचं वर्ष: हे तीन वेगळे आहेत का?

हो, आणि बहुतेक चुका हे तीन एकच समजल्यामुळे होतात.

रक्कम ज्या वर्षीच्या किमतींत मोजली आहे ते तिचं डॉलर वर्ष. मॉडेलमधली अर्थव्यवस्था ज्या वर्षाची आहे, म्हणजे कोण कोणाकडून किती घेतो, एका कामगारामागे किती उत्पादन होतं, पगार किती, हे सगळं ज्या वर्षाच्या आकडेवारीवरून भरलेलं आहे, ते डेटा वर्ष. आणि कंत्राटदाराच्या हातात पैसे प्रत्यक्ष पडतात ते खर्चाचं वर्ष. अंदाजपत्रक २०२४ च्या दरांनी बांधलेलं, काम २०२६ मध्ये आणि मॉडेलचा डेटा २०२३ चा, अशी स्थिती अगदी नेहमीची आहे. तिथे रक्कम आधी कोणत्या वर्षाची आहे ते ठरवायचं आणि मग ती डेटा वर्षाच्या किमतींत आणायची. खर्चाचं वर्ष लागतं ते रोजगार कोणत्या वर्षी पडतील हे सांगायला.

वर्ष चुकलं तर बिघडतं काय? सगळ्याच आकड्यांवर सारखा परिणाम होतो का?

सारखा होत नाही. गुणक म्हणजे ज्याने खर्चाला गुणलं की परिणाम मिळतो तो आकडा. उत्पादनाचा गुणक ‘डॉलरमागे डॉलर’ असतो. त्याला २०२६ च्या डॉलरमधली रक्कम दिली, तर उत्तर साधारण २०२६ च्या डॉलरमध्येच येतं. गुणोत्तर असल्यामुळे चलनवाढ वर-खाली दोन्हीकडे कापली जाते (सापेक्ष किमती फारशा हललेल्या नाहीत हे गृहीत धरून).

रोजगाराचा गुणक मात्र ‘दर १० लाख डॉलरमागे इतके रोजगार’ असा असतो. यातले डॉलर डेटा वर्षाचे असतात, पण रोजगार म्हणजे माणसं, त्यांना कोणतं वर्ष नसतं. महागलेले डॉलर तसेच घातले की मॉडेलला वाटतं जास्त काम झालं, आणि ते जास्त माणसं मोजतं. प्रत्यक्षात काँक्रीट तेवढंच ओतलं गेलेलं असतं, फक्त महाग पडलेलं असतं. म्हणून वर्षाची चूक सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त रोजगाराच्या आकड्यात दिसते. ईबी-५ सारख्या व्हिसा योजनेत दर गुंतवणूकदारामागे किमान १० रोजगार दाखवावे लागतात. तिथे ही चूक थेट पात्रतेवर येते, आणि तपासणारा पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतो.

एखादं उदाहरण आकड्यांसकट देता येईल?

समजा एका इमारतीचा खर्च २४ कोटी डॉलर आहे आणि तो खर्चाच्या वर्षाच्या डॉलरमध्ये दिला आहे: २०२५ मध्ये ६ कोटी, २०२६ मध्ये १२ कोटी, २०२७ मध्ये ६ कोटी. मॉडेलचा डेटा २०२३ चा. बांधकाम किमतींचा निर्देशांक उदाहरणापुरता असा धरू: २०२३ = १००, २०२५ = १०७, २०२६ = १११, २०२७ = ११५. एकूण रोजगाराचा गुणक दर १० लाख डॉलरमागे ८.

प्रत्येक वर्षाची रक्कम त्या वर्षाच्या गुणोत्तराने भागायची. ६ ÷ १.०७ = ५.६०७ कोटी. १२ ÷ १.११ = १०.८११ कोटी. ६ ÷ १.१५ = ५.२१७ कोटी. बेरीज २१.६३५ कोटी, आणि हे २०२३ चे डॉलर. १ कोटीला ८० या हिशेबाने रोजगार अनुक्रमे ४४९, ८६५ आणि ४१७, एकूण १,७३१.

भागाकार न करता २४ कोटी तसेच घातले असते, तर १,९२० आले असते. १८९ जास्त, म्हणजे जवळपास ११ टक्के फुगवटा, आणि तोही महागाई फार नसताना.

हातात आलेलं अंदाजपत्रक कोणत्या वर्षाचं आहे हे कसं ओळखायचं?

विचारून. अंदाज बांधू नये. मुखपृष्ठावरची तारीख ही अहवाल छापल्याची तारीख असते, ती किमतींची असेलच असं नाही.

अंदाज करणाऱ्याकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: दर कोणत्या तारखेचे आहेत, त्यावर एस्कलेशन (पुढच्या भाववाढीसाठी दरांत घातलेली वाढ) लावलं आहे का, आणि लावलं असल्यास कोणत्या तारखेपर्यंत व वर्षाला किती टक्क्यांनी. बांधकाम क्षेत्रात एस्कलेशन बहुधा कामाच्या मध्यबिंदूपर्यंत लावतात. दर जानेवारी २०२५ चे, काम जुलै २०२५ मध्ये सुरू आणि २४ महिन्यांचं असेल, तर मध्यबिंदू जुलै २०२६, म्हणजे दरांच्या तारखेपासून दीड वर्ष. वर्षाला ४ टक्के धरले तर १.०४ चा दीडावा घात, म्हणजे १.०६०६. असं अंदाजपत्रक ‘जुलै २०२६ च्या डॉलरमध्ये’ आहे, मुखपृष्ठावर काहीही लिहिलेलं असो.

महामार्ग आणि सार्वजनिक वाहतुकीच्या कामांत गोष्ट थोडी सोपी असते. महानगर वाहतूक योजनांतले खर्च खर्चाच्या वर्षाच्या डॉलरमध्ये दाखवणं संघीय नियमांनी बंधनकारक आहे, आणि ५० कोटी डॉलर किंवा त्याहून मोठ्या महामार्ग प्रकल्पांच्या आर्थिक आराखड्यातही तसंच करतात. म्हणजे वर्षवार तक्ता बहुधा तयार मिळतो. तो मागून घ्या.

एस्कलेशन लावलेलं आहे हे कळलं. आता ते उलटवायचं कसं?

ज्या दराने चढवलं त्याच दराने आधी उतरवायचं. हे बऱ्याच जणांना खटकतं, पण कारण साधं आहे. भविष्यासाठी धरलेले ४ टक्के हे अंदाज करणाऱ्याचं गृहीतक असतं, बाजाराची नोंद नव्हे. तुम्ही ती रक्कम ३ टक्के वाढ सांगणाऱ्या दुसऱ्या निर्देशांकाने खाली आणली, तर मधला १ टक्का ‘जास्तीचं काम’ बनून मॉडेलमध्ये शिरतो. असं काम कोणीच करणार नसतं.

म्हणून प्रवास दोन टप्प्यांत करावा. मध्यबिंदूपासून दरांच्या तारखेपर्यंत अंदाजपत्रकातल्याच दराने, आणि दरांच्या तारखेपासून डेटा वर्षापर्यंत प्रसिद्ध झालेल्या बांधकाम निर्देशांकाने. पहिला टप्पा टाळायचा तर एस्कलेशनपूर्वीचं अंदाजपत्रक मागा. ते जवळजवळ नेहमीच कुठल्यातरी शीटमध्ये असतं.

आकस्मिक खर्चाची तरतूद आणि एस्कलेशन एकाच ओळीत मिसळलेले असतील तर ते वेगळे करून घ्या. आराखडा अपुरा असल्यामुळे ठेवलेली तरतूद बहुधा खर्च होते, ती ठेवावी. किमती वाढतील या भीतीने ठेवलेली तरतूद हे एस्कलेशनच, फक्त दुसऱ्या नावाचं.

सीपीआय वापरून चालणार नाही का? सगळ्यांना तोच माहीत असतो.

बांधकामाच्या खर्चासाठी नाही. सीपीआय हा घरगुती ग्राहकाच्या खरेदीचा निर्देशांक आहे. नवं घर विकत घेणं हीसुद्धा त्यात गुंतवणूक मानतात. निवाऱ्याचा खर्च तिथे भाडं आणि स्वतःच्या घराचं समतुल्य भाडं यांवरून मोजला जातो. पोलादाचे खांब, रेडीमिक्स, कंत्राटदाराचा नफा यांचा त्यात थेट पत्ताच नसतो.

सामान्य काळात हा फरक फारसा जाणवत नाही, आणि म्हणूनच सवय लागते. २०२१ ने ती सवय उघडी पाडली. त्या वर्षी मे महिन्यात लाकडाचा वायदा भाव हजार बोर्ड-फुटांना १,६०० डॉलरच्या वर गेला. सीपीआय-यूची (शहरी ग्राहकांच्या सीपीआयची) वार्षिक सरासरी मात्र २०२० च्या २५८.८११ वरून २०२२ मध्ये २९२.६५५ झाली, म्हणजे दोन वर्षांत १३.१ टक्के. त्या काळातलं अंदाजपत्रक सीपीआयने खाली आणलं की साहित्याच्या महागाईचा मोठा भाग रोजगार बनून अहवालात उतरतो.

सीपीआयची जागा आहे ती वेगळी: कामगारांच्या उत्पन्नाचा आकडा वाचकाला आजच्या डॉलरमध्ये सांगायचा असेल तेव्हा. ते पैसे अखेर घरखर्चातच जातात.

मग कोणता निर्देशांक घ्यायचा?

कामाच्या जातीप्रमाणे. श्रम सांख्यिकी विभाग, म्हणजे बीएलएस, उत्पादक किंमत निर्देशांकाच्या म्हणजे पीपीआयच्या मालिकेत नव्या इमारतींसाठी वेगवेगळे निर्देशांक देतो: गोदाम, शाळा, कार्यालय, औद्योगिक इमारत, आरोग्यसेवा इमारत. काँक्रीट, छत, विद्युत आणि प्लंबिंगच्या कंत्राटदारांचेही वेगळे आहेत. इमारतीच्या कामाला यांतला जवळचा निर्देशांक ही आमची पहिली पसंती, कारण त्यात कंत्राटदाराचा वरखर्च आणि नफा धरलेला असतो. रस्ते आणि पुलांना संघीय महामार्ग प्रशासनाचा राष्ट्रीय महामार्ग बांधकाम खर्च निर्देशांक, तो तिमाही असतो. एकल-कुटुंब घरांना जनगणना विभागाचा. धरणं, बंधारे, जलमार्ग यांसाठी लष्कराच्या अभियंता दलाची स्वतःची निर्देशांक पद्धत आहे.

ईएनआर या बांधकाम क्षेत्रातल्या नियतकालिकाच्या बांधकाम खर्च निर्देशांकाबद्दल दोन शब्द जास्त, कारण जुन्या कंत्राटांत आणि शुल्क-नियमांत तो सगळीकडे दिसतो. तो १९१३ = १०० धरून चालतो आणि त्याची टोपली ठरलेली आहे: २०० तास साधी मजुरी, २५ हंड्रेडवेट (१०० पौंडांचं माप) पोलादी सेक्शन, १.१२८ टन पोर्टलंड सिमेंट आणि १,०८८ बोर्ड-फूट दोन-बाय-चार लाकूड, २० शहरांच्या सरासरीने. यात मजुरीचा वाटा फार मोठा आहे. काच, वातानुकूलन, विजेची उपकरणं नाहीत. कामगाराची उत्पादकता नाही आणि कंत्राटदाराचा नफाही नाही. म्हणजे हा कच्च्या मालाचा आणि मजुरीचा भाव झाला. मॉडेलमध्ये जाते ती तयार बांधकामाची किंमत. बाजारात कामं कमी असली की कंत्राटदार नफा कापून बोली लावतात. तेव्हा साहित्य महाग होत असतानाही बांधकामाची किंमत थांबू शकते किंवा खाली येऊ शकते. हे ईएनआरला दिसत नाही, पण निविदांवर आधारलेल्या निर्देशांकांना दिसतं. टर्नर या बांधकाम कंपनीच्या बिल्डिंग कॉस्ट इंडेक्समध्ये बाजारातली स्पर्धाही मोजली जाते. हाच त्याचा उपयोग.

निविदांवरच्या निर्देशांकातली एक बारीक गोष्ट: बोली लावणारा पुढच्या दोन वर्षांची भाववाढ आपल्या दरात आधीच घालतो. त्यामुळे २०२४ मध्ये उघडलेल्या निविदेची रक्कम २०२४ च्या निर्देशांकानेच खाली आणायची, जरी काम २०२६ पर्यंत चाललं तरी. ती पुन्हा वर्षवार तोडून २०२५ आणि २०२६ चे भागाकार लावले तर रक्कम गरजेपेक्षा खाली जाते. कंत्राटात डांबर, इंधन किंवा पोलादासाठी भाव-समायोजनाची अट असेल, तर तेवढा भाग वेगळा. तो ज्या वर्षी दिला त्या वर्षाचा.

सॉफ्टवेअर हे सगळं स्वतः करतं ना?

काही भाग करतं. इम्प्लॅनमध्ये डॉलर वर्ष सांगितलं की आत जाणारी रक्कम त्या-त्या उद्योगाच्या डिफ्लेटरने (रक्कम एका वर्षाच्या किमतींतून दुसऱ्या वर्षाच्या किमतींत आणणाऱ्या निर्देशांकाने) डेटा वर्षात आणली जाते, आणि निकाल कोणत्या वर्षाच्या डॉलरमध्ये पाहायचे हेही निवडता येतं. डॉलर वर्षाच्या रकान्यात आधीच एखादं वर्ष भरलेलं दिसलं तर ते तसंच सोडू नका. ते तुमच्या रकमेचं वर्ष आहे का, हे रकमांच्या प्रत्येक गटासाठी तपासा.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे दुहेरी डिफ्लेशन. शीटमध्ये १२ कोटी भागून २०२३ चे १०.८११ कोटी केले, आणि सॉफ्टवेअरमध्ये डॉलर वर्ष २०२६ ठेवलं. सॉफ्टवेअर ते पुन्हा उतरवतं. त्याचा डिफ्लेटर तुमच्याइतकाच, १.११, असेल तर ९.७४ कोटी उरतात, आणि ८६५ ऐवजी ७७९ रोजगार येतात. नियम एकच: स्वतः उतरवलं असेल तर डॉलर वर्ष = डेटा वर्ष. सॉफ्टवेअरवर सोपवायचं तर मूळ रक्कम आणि तिचं मूळ वर्ष.

आमचा कल शीटमध्ये करण्याकडे आहे. सॉफ्टवेअरचे पुढच्या वर्षांचे डिफ्लेटर हे अंदाज असतात, आणि नवा डेटा आला की बदलतात. सहा महिन्यांनी तोच प्रकल्प चालवला तर उत्तर थोडं हलतं, आणि का हललं हे ग्राहकाला समजावताना घाम फुटतो. शीटमध्ये निर्देशांक तुमच्या डोळ्यांसमोर असतो.

आरआयएमएस-टूमध्ये तर डॉलर वर्षाचा रकानाच नाही.

कारण तिथे मॉडेल चालवायचं नसतं. आर्थिक विश्लेषण विभाग, म्हणजे बीईए, गुणकांचा तक्ता देतो आणि गुणाकार तुम्ही करता. त्यामुळे रक्कम गुणकांच्या प्रादेशिक डेटा वर्षात आणण्याची जबाबदारी पूर्ण तुमची. तक्त्यावर दोन वर्षं दिसतात: राष्ट्रीय आदान-प्रदान तक्त्याचं आणि प्रादेशिक आकडेवारीचं. रोजगाराच्या गुणकासाठी प्रादेशिक आकडेवारीचं वर्ष धरायचं. चुकून राष्ट्रीय तक्त्याचं, म्हणजे बरंच जुनं, वर्ष धरलं तर रक्कम जास्त उतरते आणि रोजगार कमी दिसतात.

साइटवरच्या माणसांची संख्या खात्रीने माहीत असेल तर ‘थेट परिणामाचा’ रोजगार गुणक वापरता येतो. तो रोजगारामागे रोजगार असा आहे, त्यात डॉलरच नाहीत. चलनवाढीचा प्रश्न तिथे मिटतो. पगारपत्रकं हाती असतील तर हीच वाट सरळ.

सॉफ्ट कॉस्ट (फी, व्याज असे प्रत्यक्ष बांधकामाबाहेरचे खर्च), यंत्रसामग्री, जमीन यांना तोच निर्देशांक लावायचा?

जमीन आधी बाहेर काढा. ते मालकी बदलणं आहे, उत्पादन नाही. बांधकाम काळातलं व्याजही बांधकामाच्या ओळीत घालू नये. उरलेल्यांत वास्तुविशारद आणि अभियंत्यांची फी ही मुख्यतः पगारांनी हलते, म्हणून तिला त्या सेवेचा पीपीआय. फर्निचर आणि उपकरणांना त्यांच्या त्यांच्या वस्तूचा पीपीआय, आणि त्यात घाऊक विक्रेत्याचा व वाहतुकीचा वाटा (मार्जिन) वेगळा काढावा लागतो. एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांहून छोट्या ओळीसाठी वेगळा निर्देशांक शोधत बसू नये. त्याने उत्तर हलत नाही.

पोलाद ४० टक्क्यांनी वाढलं आणि मजुरी ८ टक्क्यांनी. अशा वेळी एकच निर्देशांक पुरतो का?

तुमच्या प्रकल्पाची घडण निर्देशांकाच्या घडणीसारखी असेल तर पुरतो. हे आकड्यांत पाहिलं की पटतं.

डेटा वर्षातलं १० कोटींचं नेहमीचं काम घ्या: ४ मजुरी, ४ साहित्य, २ वरखर्च आणि नफा. मजुरी ८, साहित्य ४० आणि उरलेलं १० टक्क्यांनी वाढलं, तर तेच काम ४.३२ + ५.६० + २.२० = १२.१२ कोटींना पडेल. बांधकामाचा खरा निर्देशांक १२१.२ येतो, त्याने भागलं की बरोबर १० कोटी मिळतात. १० टक्के वाढ सांगणारा सर्वसाधारण निर्देशांक वापरला असता तर ११.०२ आले असते, म्हणजे हवेतलं १ कोटीचं काम.

आता पोलादाचं सांगाडाकाम: २ मजुरी, ७ साहित्य, १ इतर. वाढीव खर्च २.१६ + ९.८० + १.१० = १३.०६ कोटी. तोच १.२१२ लावला तर १०.७८ येतात. जवळपास ८ टक्के चूक, आणि यावेळी निर्देशांक ‘बरोबर’ असूनही. अशा कामांत खर्च फोडून मजुरी, साहित्य आणि सेवा वेगवेगळ्या ओळींनी मॉडेलमध्ये घालाव्यात. मजुरीला बीएलएसचा रोजगार खर्च निर्देशांक आणि साहित्याला त्या वस्तूचा पीपीआय. कष्ट जास्त आहेत, म्हणून भाव शांत असताना करू नका. भाव उसळलेले असतील किंवा प्रकल्प एकाच साहित्याने जड असेल तेव्हा मात्र टाळू नका.

वर्षवार खर्च राजकोषीय वर्षांत दिला आहे. काय करायचं?

संघीय राजकोषीय वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणजे २०२४ चं वर्ष १ ऑक्टोबर २०२३ ते ३० सप्टेंबर २०२४. बहुतेक राज्यांचं १ जुलैला. त्या बारा महिन्यांच्या (किंवा चार तिमाहींच्या) निर्देशांकाची सरासरी घ्या, कॅलेंडर वर्षाची नको. महिन्यांचे आकडे मिळत नसतील तर संघीय वर्षाला २५ आणि ७५ टक्क्यांची वाटणी चालते.

तीन वर्षांचे रोजगार एकत्र करून ‘१,७३१ लोकांना काम’ असं लिहिता येईल का?

नाही. ते १,७३१ ‘रोजगार-वर्षं’ आहेत. एकच सुतार तिन्ही वर्षं कामावर असेल तर तो तीनदा मोजला गेला आहे. ‘वर्षाला सरासरी ५७७, सर्वाधिक २०२६ मध्ये ८६५’ असं लिहा. आणि हे आकडे कोणत्याही निर्देशांकाने ना चढवायचे, ना उतरवायचे.

निकालातला थेट खर्च प्रकल्पाच्या किमतीशी जुळत नाही. ग्राहक विचारतो, पैसे गेले कुठे?

कुठेच गेले नाहीत. वरच्या उदाहरणात थेट खर्च २०२३ च्या डॉलरमध्ये २१.६३५ कोटी आहे, २०२५ च्या डॉलरमध्ये सुमारे २३.१५ कोटी. वर्तमानपत्रात छापलेले २४ कोटी कोणत्याही एका वर्षाचे नाहीत. ती २०२५, २०२६ आणि २०२७ च्या वेगवेगळ्या डॉलरची बेरीज आहे. एखादं मधलं वर्ष निवडलं तर २४ च्या जवळ येऊ शकतं (इथे २०२६ च्या डॉलरमध्ये २४.०१), पण बरोबर २४ येणं अपेक्षित नाही. तक्त्याखाली एक ओळ टाकली की प्रश्न येत नाही: ‘प्रकल्पाचा नाममात्र खर्च २४ कोटी डॉलर, तक्त्यातल्या सर्व रकमा २०२५ च्या डॉलरमध्ये.’

जुळवून घेण्यासाठी निकाल २४ वर ‘ताणून’ बसवलेले अहवाल दिसतात. तसं केलं की उत्पन्न आणि मूल्यवर्धनाचे आकडेही सोबत ताणले जातात, आणि मग ते कोणत्याच वर्षाचे राहत नाहीत.

निकालांवर सूट दर लावून वर्तमान मूल्य काढायचं का?

आर्थिक परिणाम विश्लेषणात नाही. सूट दर हा लाभ-खर्च विश्लेषणाचा भाग आहे. तिथे पैशाचं काळमूल्य मोजतात, इथे किमतींची पातळी एक करतात. महागाई काढून टाकलेल्या रकमेवर महागाईसकट असलेला सूट दर लावणं ही तर तिसरीच चूक. अनुदानाच्या अर्जात दोन्ही विश्लेषणं एकत्र असतात, म्हणून ही सरमिसळ होते. वाहतूक विभागाच्या लाभ-खर्च मार्गदर्शनात जीडीपी डिफ्लेटर (संपूर्ण अर्थव्यवस्थेच्या किमतींचा निर्देशांक) सांगितला आहे म्हणून तोच आर्थिक परिणाम विश्लेषणातल्या बांधकाम खर्चालाही लावतात. दोन्हींचे निर्देशांक वेगळे राहिले तरी काही हरकत नाही.

निधी ठरावीक आहे, प्रकल्पच महागाईप्रमाणे छोटा होणार आहे. तेव्हा?

तेव्हा हिशेब उलट नाही, फक्त जास्त महत्त्वाचा. १५ नोव्हेंबर २०२१ ला सही झालेल्या पायाभूत सुविधा कायद्यातल्या सुमारे १.२ लाख कोटी डॉलरच्या रकमा नाममात्र आहेत. किमती वाढल्या म्हणून त्या आपोआप वाढत नाहीत. २०२२ च्या अहवालातले रोजगार तेवढ्याच निधीसाठी २०२५ मध्ये तसेच उचलता येणार नाहीत. प्रत्येक वर्षाचं वाटप त्या वर्षाच्या निर्देशांकाने उतरवून पुन्हा चालवा.

प्रादेशिक किंमत समता किंवा शहरनिहाय गुणांक चलनवाढीसाठी वापरता येतील?

नाही. ते एकाच वेळी दोन ठिकाणांची तुलना करतात, एका ठिकाणच्या दोन वेळांची नाही. राष्ट्रीय सरासरी दरांचं अंदाजपत्रक प्रकल्पाच्या जागी न्यायला त्यांचा उपयोग. ते आधी करा, वर्ष नंतर बदला.

निर्देशांक वाचताना काय चुकतं?

गुण आणि टक्के. सीपीआय-यू २०१९ मध्ये २५५.६५७ आणि २०२३ मध्ये ३०४.७०२. फरक ४९ गुणांचा आहे, पण वाढ १९.२ टक्के (३०४.७०२ ÷ २५५.६५७ = १.१९१८). २०१९ मधले ५ कोटींचे पगार २०२३ च्या डॉलरमध्ये ५.९६ कोटी होतात, ७.४५ नाही. आधार वर्ष १९८२-८४ आहे की १९१३, याने गुणोत्तर बदलत नाही. दोन्ही आकडे एकाच मालिकेतले हवेत, एवढंच.

दुसरं, वार्षिक खर्चाला डिसेंबरचा आकडा लावणं. वार्षिक सरासरी घ्या. तिसरं, पीपीआयचे आकडे पहिल्या प्रसिद्धीनंतर चार महिन्यांनी सुधारले जातात, म्हणून ताज्या महिन्यांचे आकडे तात्पुरते समजा आणि डाउनलोडची तारीख शीटमध्ये नोंदवा. बीईएचे साखळी डॉलर (महागाई काढून टाकलेल्या, पण दरवर्षी भारांक बदलणाऱ्या रकमा) वापरत असाल तर त्यांचे घटक एकमेकांत मिळवू नका. त्यांची बेरीज एकूण आकड्याशी जुळत नाही.

२०१८ चा अहवाल आहे. सगळे आकडे सीपीआयने गुणून ‘अद्ययावत’ करू का?

रोजगार गुणायचे नाहीत, ते वर आलंच. उत्पन्नाचे आकडे सीपीआयने आजच्या डॉलरमध्ये सांगता येतील, पण शेजारी ‘२०१८ चं विश्लेषण, २०१८ चीच अर्थव्यवस्था’ असं स्पष्ट लिहावं लागेल, कारण गुणाकाराने मॉडेल नवं होत नाही. प्रति कामगार उत्पादन, स्थानिक खरेदीचं प्रमाण, उद्योगांची वर्गवारीसुद्धा मधल्या काळात बदललेली असते. प्रकल्प अजून व्हायचा असेल तर खर्चाचा ताजा तक्ता घेऊन नव्या डेटा वर्षावर पुन्हा चालवणं हाच मार्ग. जुन्या शीटमध्ये निर्देशांकाचा वेगळा स्तंभ ठेवला असेल तर ते अर्ध्या दिवसाचं काम आहे. भागाकार सूत्रांच्या आत दडवले असतील तर आठवडा जातो.